आमच्या पॅरिशचं टार्गेट

मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतल्या, घोषणा शेवटच्या आशीर्वादाच्या जरा आधी येतात. ही व्यवस्था ज्यानं केली तो माणसं ओळखून होता. आधी आशीर्वाद आणि मग घोषणा असत्या, तर मुंबईतलं एकही चर्च त्या ऐकायला थांबलं नसतं. रविवारी सकाळी बाजारातलं पापलेट कुणाची वाट बघत नाही. अशाच एका घोषणेत फादरांनी सांगून टाकलं, की पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती घरांची, पुढची ध्येयं ठरवायला समिती नेमली आहे. त्यात माझं नाव होतं. मला विचारलं नव्हतं. मी विम्याच्या धंद्यात आहे, तेव्हा टार्गेट म्हणजे माझ्या हातचा मळ, असा फादरांचा समज. माझी स्वतःची टार्गेटं कधी पूर्ण होतात का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

समितीत पडल्यावर मी चर्चचा कायदा उघडून बसलो. म्हटलं, सुटायची एखादी फट सापडते का बघू. १९८३ च्या कॅनन लॉमधलं ५३६ वं कलम पॅरिश कौन्सिलचं. बिशपांना योग्य वाटलं तर ती नेमावी आणि तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं. म्हणजे आम्ही रात्री दहापर्यंत भांडायचं आणि फादरांनी "छान चर्चा झाली" म्हणून दिवे बंद करायचे. लगेच पुढचं, ५३७ वं कलम फायनान्स समितीचं. ती मात्र प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे. ध्येयं ऐच्छिक, हिशेब सक्तीचा. रोमबद्दलचा माझा आदर त्या रात्री फार वाढला.

पहिली बैठक सकाळच्या मिस्सेनंतर, कॅटेकिझमच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात. वर्ग दुसरीच्या मुलांचा, त्यामुळे बाकंही दुसरीची. साठीच्या पुढचे सभासद गुडघे हनुवटीला लावून पॅरिशच्या भवितव्याचा विचार करत होते. एक गृहस्थ उशिरा आले आणि मेगाब्लॉकचं कारण सांगितलं. ते चर्चच्या मागच्याच गल्लीत राहतात.

कॉयरमधला एक मुलगा एमबीए करतोय. फळ्यावर मुलांनी काढलेलं नोहाचं तारू होतं. ते पुसायला कुणी तयार होईना, म्हणून त्यानं त्याच्याभोवतीनंच ध्येय कसं असावं ते सांगणारं 'SMART' लिहिलं: स्पेसिफिक, मेझरेबल वगैरे. १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी ही पाच अक्षरं एका मासिकात मांडली. तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्यांचा जाच आहेच. निदान रविवारी तरी त्यांची गाठ पडणार नाही, या भरवशावर मी होतो.

"पहिलं ध्येय, प्रार्थनामय पॅरिश," फादर म्हणाले.

"मोजणार कसं, फादर?" एमबीए.

"किती घरांत रोझरीची प्रार्थना होते ते मोजू."

यावर मागच्या बाकावरच्या आंटींनी हात वर केला. "आमच्याकडे रोज होते. पण सिरियल चालू असते. ती अर्धी धरायची का?"

अर्धी धरायची, असं बहुमतानं ठरलं.

मग तरुण. 'तरुणांना सामील करून घेणे' हे ध्येय मी पोरगा होतो तेव्हापासून ऐकत आलोय. तेव्हा तरुण म्हणून मला सामील करून घेतलं गेलं, म्हणजे हॉलमधून मैदानात खुर्च्या न्यायला लावल्या. सणाच्या दिवशी पार्किंगला उभं केलं. समितीतल्या एकमेव तरुणाला, म्हणजे त्या एमबीएला, आम्ही विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवं? तो म्हणाला, खुर्च्या नकोत. हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला, कारण मग खुर्च्या उचलणार कोण, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या काकांनाही टार्गेट द्यायचं ठरलं. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केली. आमच्याकडचे काका गरजूंच्या घरी जातात, तांदूळ-तेल पोचवतात, म्हाताऱ्यांची औषधं आणून देतात, आणि एका वहीत पेन्सिलीनं टिपून ठेवतात. एमबीएनं त्यांना विचारलं, "काका, पुढच्या वर्षी किती?" काका बराच वेळ विचारात पडले. "गरिबांचं टार्गेट वाढवायचं की कमी करायचं?" त्यांनी मनापासून विचारलं. कुणीच काही बोललं नाही. काकांना औषधाच्या दुकानात जायचं होतं, ते गेले.

खरा घोळ झाला तो घरभेटींचा. प्रत्येक ख्रिस्ती घराला वर्षातून एकदा भेट, असं कागदावर आलं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या पॅरिशमध्ये अर्धं गावठाण आणि अर्धे टॉवर. गावठाणात दार उघडंच असतं, तिथं प्रश्न बाहेर पडण्याचा. "बसा हो, आत्ताच तर आलात" म्हणता म्हणता सरबत येतं, सरबतामागून सुकटीची चटणी आणि भाकरी येते, आणि मग शेजारच्यानं भिंत कशी दोन वीत पुढे घेतली ते सांगितलं जातं. एका संध्याकाळी दोन घरं झाली तरी डोक्यावरून पाणी. दुसऱ्या घरात तर "तिच्याकडे जेवलात, आमच्याकडे नाही?" हा हिशेब वेगळा.

टॉवरमध्ये प्रश्न आत शिरण्याचा. गेटवर रजिस्टर, त्यात 'येण्याचं कारण' असा रकाना. माझ्या जोडीला दिलेल्या आंटींनी त्यात ठळक अक्षरात 'सुवार्ता' लिहिलं. वॉचमननं ते लावून लावून वाचलं.

"किधर की डिलिव्हरी है?"

"सब के लिए है, बेटा," आंटी म्हणाल्या.

त्यानं इंटरकॉम लावला आणि फोन ठेवून सांगितलं, "मना कर रहे हैं. बोले, कुछ ऑर्डर नहीं किया."

हे सगळं नोंदवायला तक्त्यात रकानाच नव्हता. 'भेट दिली' आणि 'घर बंद' असे दोनच. घर तर बंद नव्हतं! शेवटी आंटींनी वॉचमनलाच 'भेट दिली'मध्ये टाकलं. त्याच्या आईच्या गुडघेदुखीसाठी त्यांनी तिथंच उभ्याउभ्या प्रार्थना केली होती, त्यामुळे हरकत घेता येईना.

मराठी मिस्सेची उपस्थिती दुप्पट करणं हे माझं लाडकं ध्येय. आमच्याकडे इंग्रजी मिस्सा सोयीच्या वेळी, आणि मराठी मिस्सा दुपारी, जेव्हा देवालाही डुलकी येत असेल. तिला येतात गावठाणातले ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे ख्रिस्ती), वसईहून इकडं स्थायिक झालेले, आणि नगर-जालन्याकडचे. देव एक, मराठी तीन तऱ्हांची. नगरकडच्यांना पेटी-तबल्यावर भजन हवं, गावठाणाला गिटार. समेट असा झाला, की प्रवेशगीत पेटीवर, निरोपाचं गीत गिटारवर, आणि मधल्या वेळात दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बघायचं नाही.

डोकी मोजायला दारात माणूस उभा केला. कडेवरची मुलं धरावी की नाही यावर एक बैठक गेली. आणि मग जुलैत आकडा एकदम उडाला. एमबीएनं पडद्यावर आलेख दाखवला, लाल बाण वर गेलेला. टाळ्या पडल्या. त्या दुपारी पाऊस असा कोसळत होता की बसस्टॉपवरची सगळी रांग आमच्या पोर्चमधून आत आली होती, हे दारातल्या माणसाला माहीत होतं आणि मला. आम्ही दोघंही टाळ्या वाजवत होतो.

आगेऱ्याचं ध्येय लवकर आटपलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद द्यायचा, तो सण पूर्वीसारखा जोरात करायचा. पूर्वीच्या शेतांवर आता टॉवर आहेत, तेव्हा लोंब्या बाहेरून मागवायच्या. कोण आणणार, यावर सगळ्यांनी एकदम एमबीएकडे बघितलं.

एवढं झाल्यावर ध्येयं फ्लेक्सवर छापून चर्चच्या फाटकाशी लावावीत असं ठरलं. वर चालू साल, मध्ये फादरांचा हसरा फोटो, खाली पाच ओळी. खर्चाची बाब, म्हणून कागद गेला फायनान्स समितीकडे. खजिनदार काकांनी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागितली. एक आलं पावसाळ्यात, दुसरं गणपतीत. तिसरा छापखानेवाला निवडणुकीच्या फ्लेक्समध्ये अडकलेला, तो नाताळ उलटल्यावर उगवला. तोपर्यंत वर छापायचं सालच संपलं होतं.

एमबीए हिरमुसला. नव्या आकड्याचा स्टिकर चिकटवू, असं कुणी सुचवलं. खजिनदार काकांनी चष्मा काढून पुसला, तिन्ही कोटेशनं नीट लावून फाइलला टाचली आणि म्हणाले, "साल छापूच नका. फादरांचा फोटोही नको, त्यांची बदली होते. ध्येयं आहेत ती तशीच राहतील. फ्लेक्स तेवढा जाड घ्या."