मिग-२१ वरच्या रेषा आणि डाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'ओझर, निवृत्त' एवढीच सही तुम्ही केली आहे, तेव्हा काका म्हणतो, चालवून घ्या. तुमच्या प्रतिक्रियेला तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागे मी १/७२ मापाच्या, किटचे सुटे भाग जोडून केलेल्या प्लास्टिकच्या मिग-२१ एफएल मॉडेलचे फोटो टाकले होते. डिसेंबर १९७१ मधलं, चंदेरी अंगावर घाईघाईत हिरवा रंग मारलेलं विमान. काकांची सगळी नोकरी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात याच विमानांवर गेली. त्यांचं म्हणणं असं, की पत्र्यांच्या सांध्यांवर पेनाने आखल्यासारख्या इतक्या ठळक रेषा खऱ्या विमानावर कधीच दिसत नाहीत, हिरवा रंग विटका झालाय, आणि पोटाखालचे तेलाचे ओघळ बघून तर त्यांना रागच आला. "आम्ही दिलेलं विमान तुम्ही एसटी डेपोतल्या भंगार गाडीसारखं करून ठेवलंत. ज्यांनी ते रात्र रात्र जागून पुसून ठेवलं त्यांचा हा अपमान आहे." शिवाय या वयात खेळण्यांवर इतका पैसा कशाला, हाही प्रश्न आहेच.

तो पैशांचा प्रश्न आधी उरकतो. माझ्या घरातही तो दर महिन्याला निघतो आणि तिथेही मी तो उरकतोच. पुढे जाऊ.

रेषांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. जमिनीवर उभ्या विमानापासून चार पावलं मागे सरकलं की सांधे पुसट होतात, वीस पावलांवर तर बहुतेक नाहीसेच होतात. आता मापाचा हिशोब करू. १/७२ म्हणजे खऱ्या सहा फुटांचा इथे एक इंच. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो माझ्या टेबलावर दहा सेंटीमीटरही भरत नाही. पत्र्यांमधली फट एक मिलिमीटर धरली तर तिचे इथे ०.०१४ मिलिमीटर होतात. एवढी बारीक रेघ साच्यात कोरून प्लास्टिकवर आणणं जमत नाही, आणि समजा आणली, तरी प्रायमरच्या पहिल्या हातातच ती बुजणार. किटवर मिळते ती रेघ साधारण एक दशांश मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरची फट. पंखाची मागची कडा प्लास्टिकमध्ये अर्धा मिलिमीटर जाड आली, तर ती खऱ्या विमानावर साडेतीन सेंटीमीटरची झाली! माझा ब्रश रंगात बुडायच्या आधीच प्रमाण बिघडलेलं असतं.

मग त्या रेघा पुट्टीने बुजवून टाकाव्यात का? तसं करणारे लोक आहेत आणि त्यांचं काम मी आदराने बघतो. पण बुजवलेल्या, एकसारख्या रंगवलेल्या दहा सेंटीमीटर प्लास्टिककडे बघताना डोळ्याला कळतं ते एवढंच, की हे दहा सेंटीमीटर प्लास्टिक आहे. खऱ्या विमानाकडे बघताना आपल्याला ते मोठं आहे हे कशावरून कळतं? सावल्यांवरून. एलेरॉनच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्टीच्या, पुढची फट, हवारोधकाच्या झडपेची कड, चाकांच्या दारांचे सांधे. या फटी अरुंद असतात आणि त्यांच्यामागे बरीच खोल पोकळी असते, त्यामुळे उजेड आत शिरतो पण बाहेर येत नाही. म्हणून त्या काळ्या दिसतात. किटवरची तीच रेघ जेवढी रुंद जवळजवळ तेवढीच खोल, म्हणजे एक उथळ चर. उजेड तळापर्यंत पोचतो आणि चराचा तळही पंखाइतकाच हिरवा दिसतो.

त्यात आपल्या घरातला उजेड. चार फुटी ट्यूबलाइट त्याच मापाने वाढवून बघा. ती ८६ मीटर लांबीची होते! धावपट्टीवर असा दिवा कोणी टांगलेला मी तरी ऐकला नाही. सूर्य आभाळात अर्ध्या अंशाचा असतो, त्याची सावली कापल्यासारखी पडते. ट्यूबखाली ठेवलेल्या मॉडेलवर उजेड सगळीकडून येतो आणि सावल्या विरघळून जातात. सूर्य काही मापात आणता येत नाही, म्हणून सावली रंगवावी लागते. मी रेषा आखत नाही काका, मी सावली भरतो. माझ्या सगळ्या रंगकामाचं म्हणणं म्हणाल तर एवढंच आहे.

ती कशी भरतो तेही सांगतो, म्हणजे पेनाचा संशय जाईल. रंग वाळल्यावर त्यावर चकचकीत वॉर्निशचा हात द्यायचा. मग कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि किंचित काळा पुठ्ठ्यावर तासभर ठेवायचा, त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो. उरलेला रंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि बारीक ब्रशचं टोक रेघेला नुसतं लावायचं. तो आपोआप चरातून धावतो. अर्ध्या तासाने कापडाच्या बोळ्याने पुसून घ्यायचा, पण नाकाकडून शेपटीकडे, वारा वाहतो त्याच दिशेने. खाली ॲक्रिलिकचा थर असल्याने टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. शुद्ध काळा मी वापरत नाही. हिरव्यावर काळी रेघ खरोखरच शाईची दिसते, तिथे गडद तपकिरी चालतो. चंदेरीवर करडा.

आणि सगळ्या रेघा मी सारख्या भरत नाही. फोटो पुन्हा काढून बघा. एलेरॉन, फ्लॅप, रडर, म्हणजे जे हलतं, तिथे सगळ्यात गडद. देखभालीसाठी रोज उघडणाऱ्या झाकणांना त्याहून फिकट. आणि रिव्हेट मारून कायमचे बसवलेले पत्रे, ज्यांवरून हात फिरवला तर सांधा बोटाला लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथे जेमतेम मळकट छटा. हा फरक फोटोत हरवतो हे मात्र मान्य करायला हवं, कारण दहा सेंटीमीटरची वस्तू तुम्ही पडद्यावर चौपट मोठी करून पाहिलीत. मॉडेल हातभर अंतरावरून बघायचं असतं. अर्ध्या मीटरवरून पाहिलंत तर ते छत्तीस मीटरवरून खरं विमान पाहिल्यासारखं.

तुमचा राग जिथे शंभर टक्के लागू पडतो ती जागाही दाखवतो. हल्ली स्पर्धांमध्ये अशी विमानं दिसतात की प्रत्येक पत्र्याची कड काळी, मध्य पांढरट, म्हणजे अंगावर बुद्धिबळाचा पट. ही सवय मुळात रणगाड्यांच्या मॉडेलांकडून आली. बेल्जियमच्या फ्रांस्वा वेर्लिंडेन यांच्यासारख्या मंडळींनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत गडद वॉश (रेघांत भरायचा पातळ रंग) आणि कोरड्या ब्रशने कडा उजळण्याची पद्धत लोकप्रिय केली. चिखलात लोळणाऱ्या, जाड ओतीव पोलादाच्या गाडीला ती शोभते. तीच पद्धत ताशी दोन हजार किलोमीटर जाणाऱ्या विमानाच्या कातडीवर चढवली की घोटाळा होतो. मग पुढचा माणूस खऱ्या विमानाचे फोटो बघतच नाही, आधीच्या बक्षीसपात्र मॉडेलचे बघतो. त्याची नक्कल तिसरा करतो. अशा विमानांना तुम्ही भंगार म्हणालात तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

रंग विटका का, हा पुढचा मुद्दा. आमच्या छंदात एक जुनी समजूत आहे: मॉडेल जितकं लहान तितका रंग फिका करावा, कारण आपण ते दुरून बघतोय असं धरायचं आणि मधली हवा रंग फिकट करते. हवेचं हे कारण मला पटत नाही. छत्तीस मीटर हवेने विमान फिकं होत असेल तर समोरच्या इमारतीतल्या साड्याही फिक्या दिसायला हव्यात. खरं कारण उजेडाचं. दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स उजेड असतो, आपल्या दिवाणखान्यात दोन-तीनशे. डब्यातला गडद हिरवा जसाच्या तसा मारला तर उन्हात हिरवा आणि घरात जवळजवळ काळा दिसतो. त्यात आकार लहान म्हणून तो आणखी गडद भासतो. म्हणून थोडा पिवळसर करडा मिसळतो, तोही नजरेच्या अंदाजाने. टक्केवारीचे तक्ते मी कधी पाळले नाहीत.

आणि या विमानाच्या बाबतीत डबा कुठला धरायचा? १९६३ पासून आलेली मिग-२१ चंदेरीच होती. १९७१ च्या लढाईत उघड्या मैदानावर ती वरून लखलखताना दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर हिरवे पट्टे चढवले गेले, तेही स्क्वाड्रनच्या पातळीवर, हाताशी होता तो रंग घेऊन. म्हणून एका विमानाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. २८ स्क्वाड्रनच्या मिगनी १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली, तो हा काळ. धातूवर घाईत मारलेला असा रंग ओझरच्या हँगरमधल्या कामाइतका धरून बसणार नाही, हे तुमच्याइतकं कोण जाणतं? कॉकपिटच्या डाव्या कडेला, शिडी लागते तिथे, आणि पंखाच्या मुळाशी मी खालची चांदी उघडी दाखवली आहे ती यासाठी. तीही स्पंजच्या तुकड्याने, एकेक ठिपका. तुम्ही ओझरला पाहिलेलं विमान आणि हे विमान एकच असलं तरी दिवस वेगळा आहे.

आता अपमानाचं. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण डाग कुठे टाकायचे याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवरचीच माणसं असतात. मॉडेल उलटं धरलेला फोटो आहे, तो बघा. ओघळ आहेत ते हायड्रॉलिक तेल जिथून झिरपू शकतं तिथूनच सुरू होतात आणि वाऱ्याच्या दिशेने मागे ओढले जातात. पोटाखालच्या तोफेच्या पॉडमागे काजळी आहे, कारण तोफ चालली आहे. वरच्या बाजूला ओघळ एकही नाही. काच स्वच्छ आहे, कारण वैमानिकाला धुळीचा ठिपकाही शत्रूचं विमान वाटू शकतो आणि ती काच रोज पुसणारा कोणीतरी असतोच.

आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या पायांमधला दट्ट्या. चाकं मळकी, टायरवर धूळ, आणि मधला तो दोन मिलिमीटरचा दांडा मात्र चकचकीत, आरशासारखा. त्यावर माती राहिली तर आतलं सील कापलं जातं, म्हणून कितीही धावपळ असली तरी तो पुसला जातो. तिथे मी घरगुती ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी चिमट्याने गुंडाळली आहे. सबंध विमानात सगळ्यात जास्त वेळ त्या तीन पट्ट्यांनी खाल्ला. युद्धाच्या दिवसात सगळं विमान पुसायला वेळ मिळत नाही. तेव्हा आधी काय पुसलं जातं, हे ज्याला दिसलं त्याला पुसणारा माणूस दिसला असं मी मानतो.

वायुदलाची तिरंगी चक्रं बरी जमलीत, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. ती डीकल आहेत, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, चकचकीत थरावर बसवून वर मऊ करणारं द्रावण लावलं की पत्र्याच्या रेघेत उतरतात. खरखरीत रंगावर लावली असती तर खाली हवा अडकून कडेने पांढरी झाली असती.

आता पुढचं. कपाटात याच मापाचं दुसरं किट पडून आहे. ते ओझरच्या दारातून नुकतं बाहेर पडलेलं करणार आहे, पूर्ण चंदेरी. रणधुमाळीतल्या विमानापेक्षा हे फार अवघड. हिरव्या रंगाखाली बारीक ओरखडा लपतो, चांदीखाली तो दुप्पट होऊन दिसतो. आधी सगळं प्लास्टिक दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासायचं, मग चकचकीत काळा प्रायमर, त्यावर धातूच्या लॅकरचे अतिशय पातळ हात. कायमच्या पत्र्यांना इथे वॉश अजिबात नाही. एकेक पत्रा टेपने झाकून शेजारच्यापेक्षा किंचित वेगळी चांदी मारायची, म्हणजे रेघेशिवायच सांधा कळतो. करडी सावली फक्त एलेरॉन, फ्लॅप आणि रडरला.

पावसाळ्यात मात्र हे काम काढायचं नाही. हवेतला दमटपणा लॅकरमध्ये अडकतो आणि चांदीवर दुधाळ साय येते. तेव्हा दसऱ्यानंतर. नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं, बाकी सगळं लखलखीत. त्यावर बोटाचा एक ठसा उमटला तरी लपत नाही, म्हणून रबरी हातमोजे आत्ताच आणून ठेवलेत.