तीन लेन म्हणजे तीन उंदीर नव्हेत

तुम्ही मुद्दे सविस्तर मांडलेत, म्हणून उत्तरही जरा लांब. तुमचं म्हणणं असं: औषधाने कोणती जनुकं वाढतात-घटतात ते पाहायला पाच उंदरांच्या यकृताचा आरएनए (कोणतं जनुक किती चालू आहे हे दाखवणारा रेणू) एका नळीत एकत्र केला, सिक्वेन्सरच्या, म्हणजे तो वाचणाऱ्या यंत्राच्या, तीन लेनवर (समांतर मार्गिकांवर) चालवला, तिन्ही निकाल तंतोतंत जुळले; मग प्रत्येक गटात किमान सहा वेगळे उंदीर हवेत हा माझा आग्रह म्हणजे पैसेवाल्या लॅबचे चोचले.

निकाल जुळणारच. त्यातून यंत्र चोख आहे एवढंच कळतं. एखाद्या जनुकाचे सरासरी 1000 रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) येत असतील, तर लेनमधला फरक 1000 च्या वर्गमुळाइतका, सुमारे 32, म्हणजे जेमतेम 3 टक्के. अशा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर एजआर (edgeR) याच्या मार्गदर्शिकेनुसार जनुकीयदृष्ट्या सारख्या प्राण्यांत मात्र पातळी साधारण 10 टक्क्यांनी मागेपुढे होते, माणसांत 40 टक्क्यांनी. दहापट खर्च करून 10,000 रीड्स मिळवले तर 3 टक्क्यांचा 1 टक्का होईल. उंदरा-उंदरातले 10 टक्के जागचे हलणार नाहीत. म्हणूनच एजआर काय, त्याच कामाचं डीसेक2 (DESeq2) काय, फक्त मोजणीतला फरक धरणाऱ्या पॉयसाँ या संख्याशास्त्रीय वितरणावर न थांबता उंदरा-उंदरातला फरकही धरणारं निगेटिव्ह बायनॉमियल वापरतात.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यातला असतो. इथे प्रत्येक उंदीर वेगळं पातेलं आहे. समजा औषध दिलेल्या पाचांपैकी एकालाच संसर्ग आहे आणि दाहाचं एखादं जनुक फक्त त्याच्यात वीसपट वाढलंय. नळीतली सरासरी जवळपास पाचपट दिसेल, तिन्ही लेन त्यावर शिक्कामोर्तब करतील आणि पेपरात छापून येईल की औषधाने जनुक वाढलं! हे मला खरोखर अस्वस्थ करतं, कारण पुढे कुणीतरी त्याच जनुकावर पीएचडीची वर्षं घालवतं.

वेगळे उंदीर घेतानाही पिंजरे आणि वेळ दोन्ही गटांत सारखी वाटून घ्या. यकृतातली पर2, डीबीपी ही शरीराच्या घड्याळाशी जोडलेली जनुकं दिवसभरात प्रचंड चढ-उतार करतात. एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी कापला, तर औषधाऐवजी घड्याळच मोजलं जाईल.

सहा हा आकडाही हवेतला नाही. 2016 मध्ये यीस्टच्या दोन प्रकारांचे प्रत्येकी 48 नमुने तपासले गेले. त्यातले तीन-तीनच घेतले तर बदललेल्या जनुकांपैकी 20 ते 40 टक्केच हाती लागत होती. किमान सहाची शिफारस तिथलीच.

पैशांची अडचण खरी आहे. पण जनुकांच्या पातळीची तुलनाच करायची असेल तर नमुन्यामागे साधारण एक कोटी रीड्सनंतर खोली, म्हणजे रीड्सची संख्या, वाढवून फारसं पदरात पडत नाही. तीन लेनऐवजी एकच घ्या, प्रत्येक उंदराच्या नमुन्याला वेगळा बारकोड (ओळखीसाठी जोडलेला डीएनएचा तुकडा) लावा, वाचलेले पैसे लायब्ररी, म्हणजे यंत्रात घालण्याजोगा नमुना, बनवण्यावर खर्च करा. एकत्र करण्याआधीचा थोडा थोडा आरएनए उणे 80 अंशांवर वेगवेगळ्या नळ्यांत ठेवला असेल, तर हे याच उंदरांवर आताही करता येईल.