आधी मोजू द्या

आबांचा फोन रविवारी येतो. जुलैतल्या एका रविवारी वसमतहून ते म्हणाले, "सोयाबीन पिवळं पडायलंय गं. दुकानदार चिलेटेड लोह घ्या म्हणतोय. जमिनीतून देऊ का फवारू?" मी म्हटलं, फवारा. आपल्या काळ्या रानात चुनखडी जास्त, सामू आठाच्या आसपास. ईडीटीए नावाच्या रसायनानं धरलेलं लोह अशा जमिनीत टिकत नाही, कॅल्शियम त्याची जागा बळकावतं. पानावर मारलं तर पानाला लागू पडतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तिथं मँचेस्टरला हेच करायलीस का?"

जवळजवळ हेच. मधे धातूचा अणू आणि त्याला चारी बाजूंनी धरून बसलेले दुसरे रेणू. चिलेट हा शब्दच मुळी खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. अशा संयुगांना आम्ही कोऑर्डिनेशन कॉम्प्लेक्स म्हणतो. आल्फ्रेड वेर्नरनं त्यांची रचना १८९३ साली मांडली आणि त्यासाठी त्याला १९१३ चं नोबेल मिळालं. आबांच्या पुडीत लोह आहे. माझ्या कुपीत डिस्प्रोसियम नावाचा धातू असतो आणि मी त्या एकेका रेणूचं चुंबकत्व मोजते.

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. त्यावर बरीच आरडाओरड झाली. माझी पीएचडी मराठवाड्यात, फेलोशिपवर झाली. त्या पैशातून मी खोलीचं भाडं दिलं, रसायनं घेतली, भावाच्या शिक्षणालाही हातभार लावला. त्यामुळे तो सवाल मला लागला. पण तो उडवून लावावा असं मला वाटलं नाही. सोयाबीनला भाव नाही म्हणून दोन वर्षं घरात माल ठेवून बसलेल्या माणसाला, सरकार पोरांना पाच वर्षं पगार देऊन काय मिळवतं, हे विचारायचा हक्क आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडे फार लवकर विचारला जातो. त्यामुळे आमची मुलं खोटा उपयोग चिकटवायला शिकतात, आणि जे खरंच मोजायचं असतं ते मोजायचं राहून जातं.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला गूय बॅलन्सचं, म्हणजे चुंबकत्व मोजायच्या तराजूचं, प्रॅक्टिकल असायचं. तराजूच्या एका बाजूला दोऱ्यानं काचेची बारीक नळी टांगायची, ती विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमधे सोडायची. चुंबक बंद असताना वजन घ्यायचं, मग चालू करून घ्यायचं. आधी गडद निळ्या मर्क्युरी कोबाल्ट थायोसायनेटनं यंत्र जुळवून घ्यायचं, मग आपला नमुना. वाटणीत मला कॉपर ॲसिटेट आलं होतं. तांब्याच्या एका सुट्या इलेक्ट्रॉनमागे १.७३ बोर मॅग्नेटॉन (हे अणूच्या चुंबकत्वाचं एकक) यायला हवेत. माझे १.४ आले. नळी पुन्हा भरली, टेबलावर ठोकून ठोकून पूड बसवली, पुन्हा १.४. मधेच लाइट गेली, तासाभरानं आली, तिसऱ्यांदा मोजलं. तेच. रडकुंडीला येऊन मी सरांकडे गेले. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "चुकली नाहीस तू. तांब्याचे दोन अणू एकमेकांशेजारी बसलेत आणि उलट्या दिशांनी तोंडं करायलेत. थंड केलंस तर आकडा अजून खाली येईल."

हे ब्लीनी आणि बावर्स यांनी ऑक्सफर्डमध्ये १९५२ सालीच दाखवलं होतं, ते मला नंतर कळलं. पण त्या दुपारी एका जुन्या तराजूनं दोन अणूंचं आपसातलं भांडण मला दाखवलं होतं. मी आज जे करते ते त्या १.४ पासून सुरू झालं.

थंड मात्र करता आलं नाही. अगदी खालपर्यंत थंड करून मोजायचं तर द्रवरूप हेलियम लागतं, उणे २६९ अंशांचं, आणि स्क्विड नावाचं चुंबकत्व मोजणारं यंत्र लागतं. आमच्या जवळपास ते नव्हतं. मग आमच्या लॅबमध्ये काय व्हायचं? शिफ बेस नावाचा, धातूला धरणारा रेणू बनवायचा, त्याला तांबं, निकेल, कोबाल्ट, मँगनीज जोडायचं, गूय बॅलन्सवर खोलीच्या तापमानाला एक आकडा घ्यायचा. आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी तीच कुपी शेजारच्या मायक्रोबायोलॉजी विभागात न्यायची. अगारच्या थाळीत भोक पाडून त्यात थेंब टाकायचा, दुसऱ्या दिवशी त्या भोकाभोवतीचं, ई. कोलाय जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचं. झाला उपयोग! डीएमएसओ या द्रावकात विरघळल्यावर आपला रेणू अखंड राहिला की सुटा झाला, हेही तपासलेलं नसायचं. मीही हे केलंय. मराठवाड्यात, आणि महाराष्ट्रभर, असे प्रबंध कपाटं भरून आहेत. ती मुलं आळशी नव्हती. काय दिवे लावणार, याचं उत्तर त्यांना दर वेळी तयार ठेवावं लागलं, एवढंच.

त्या कपाटांत काय पडून आहे हे कुणाला माहीत? मँगनीज-१२ ची गोष्ट मी इथल्या मुलांना नेहमी सांगते. मँगनीज ॲसिटेट, पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे गावाकडं विहिरीत टाकतात ती जांभळी पूड. हळूहळू मिसळायचं, थोडं गरम करून ठेवून द्यायचं, काही दिवसांत काळे स्फटिक येतात. आमच्या कुठल्याही कॉलेजात हे होईल. पोलंडमध्ये लिस यांनी १९८० साली ते बनवून त्याची रचना काढली. आठ मँगनीज एका दिशेला, चार उलट दिशेला, बेरीज-वजाबाकी होऊन स्पिन, म्हणजे चुंबकत्वाचं माप, १० उरतो. पण फ्लॉरेन्सच्या गात्तेस्की आणि सेसोली यांच्या गटानं तो पदार्थ अतिथंड करून मोजला आणि १९९३ साली जगाला कळलं की याचा एकेक रेणू स्वतंत्र चुंबक आहे. उणे २७१ अंशांना तो आपली दिशा सुमारे दोन महिने विसरत नाही. मधली तेरा वर्षं पदार्थ तोच होता.

दिशा लक्षात ठेवणं म्हणजे काय, हे वेरूळ पाहिलेल्या माणसाला सांगायला सोपं जातं. लेण्यांचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. थिजताना त्यातल्या लोहखनिजानं पृथ्वीच्या चुंबकाची तेव्हाची दिशा धरून ठेवली. दख्खनचे कितीतरी थर आजच्या उलट दिशा दाखवतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी हे १९५० च्या दशकात मोजायला घेतलं. दगडाला जमतं ते एका रेणूला जमेल का, हाच आमचा प्रश्न आहे. मँचेस्टरच्याच लोकांनी २०१७ साली डिस्प्रोसियमच्या एका रेणूला ही आठवण उणे २१३ अंशांपर्यंत टिकवता येते हे दाखवलं. २०२५ साली दुसऱ्या एका रेणूनं ती हद्द उणे १७३ वर नेली. म्हणजे हेलियमऐवजी स्वस्त नायट्रोजनवर भागेल इतकी वर.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं कुणी समजू नये. इथेही अनुदानाच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात क्वांटम संगणक आणि डेटा साठवण लिहावं लागतं. माझं कंत्राट दोन वर्षांचं, व्हिसा त्याच्याशी बांधलेला. हल विद्यापीठानं तर २०२४ मध्ये रसायनशास्त्र विभागच बंद करायचं ठरवलं. फरक एवढाच की अर्जात काहीही लिहिलं तरी खाली तळघरात यंत्र चालू असतं, ते सांभाळणारा माणूस पगारावर असतो, आणि उडून जाणारं हेलियम नळ्यांतून परत गोळा केलं जातं. आपण मोजतो ते खरं निघतं. आमच्याकडे यंत्रखरेदीच्या बातम्या येतात, पण ते चालवणाऱ्या माणसाची जागा भरली जात नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो हा गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. त्यावरही गावात तेच विचारतात, आम्हाला काय मिळणार. मला तो प्रकल्प व्हायला हवाच आहे. पण माझं मागणं त्याहून खूप लहान आहे. मराठवाड्यात कुठेतरी एक स्क्विड, वर्षभर हेलियम, एक कायमचा तंत्रज्ञ, आणि नांदेड-लातूर-परभणीच्या कुठल्याही कॉलेजच्या मुलीला आपली कुपी घेऊन येता येईल अशी व्यवस्था. तोवर इंदूरची यूजीसी-डीएई संस्था आहे. ती विद्यापीठांतल्या मुलांना अशी यंत्रं वापरू देते. मी स्वतः तिथे रात्रीच्या बसनं गेलेय, मांडीवर पिशवी आणि रुमालात गुंडाळलेल्या आठ कुप्या घेऊन. अडतं ते बहुतेक वेळा तिकिटाच्या आणि दोन दिवस राहायच्या पैशांवर, आणि कुणीतरी अर्ज कसा करायचा ते सांगण्यावर.

आम्ही बाहेर असलेल्या चौघींनी यंदा एवढंच करायचं ठरवलं. पैसे थोडे आहेत, दोन-तीन मुलींचा प्रवास होईल. पहिली मुलगी माझ्याच जुन्या लॅबमधली. तिनं मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, तांब्याचा नवा कॉम्प्लेक्स, १.३८. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "ताई, हे चुकलंय का? अँटिबॅक्टेरियल करून घेऊ?" मी तिला कळवलं की आकडा पेननं लिही आणि इंदूरचा अर्ज भर.