‘अगेन अँड अगेन’ कुठेही चिकटवू नका

भाचीच्या अकरावीच्या ग्रुपवर फिरणारं एक चित्र तिने मला पाठवलं आणि विचारलं, ‘मावशी, हे पाठ केलं की झालं ना?’ चित्राचं नाव ‘फाडफाड इंग्रजीची गुरुकिल्ली’. त्यात इंग्रजी क्रियाविशेषणांच्या वीस जोड्या आहेत: अगेन अँड अगेन, नाऊ अँड देन, ऑफ अँड ऑन, फार अँड वाइड वगैरे. आणि डोक्यावर चार नियम. जोडी कुठल्याही क्रियापदाला लावा. ती नेहमी वाक्याच्या शेवटी ठेवा. शब्दांची अदलाबदल केली तरी अर्थ तोच राहतो. जोर द्यायचा असेल तर कुठलंही क्रियाविशेषण मध्ये ‘अँड’ घालून दोनदा म्हणा. सोसायटीच्या ग्रुपवर हेच चित्र आलं तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. आता ते घरातल्या वहीत उतरलंय, म्हणून लिहिते.

पहिला नियम सगळ्यात घातक. तो पाळून भाचीने लिहिलेलं वाक्य बघा: ‘आय अंडरस्टुड द लेसन अगेन अँड अगेन.’ मराठीत ‘धडा पुन्हा पुन्हा समजून घेतला’ हे अगदी बरोबर आहे, कारण समजून घेणं ही खटपट आहे, ती दहा वेळा करता येते. ‘अंडरस्टँड’मध्ये खटपट नाही, नुसतं कळणं आहे. एक धडा एकदा कळला की कळला. तिथे ‘आय वेंट ओव्हर द लेसन अगेन अँड अगेन’ हवं. ‘नो’ (माहीत असणं), ‘ओन’ (मालकीचं असणं), ‘बिलाँग’ ही अशीच स्थिती सांगणारी क्रियापदं, त्यांच्याशी ही जोडी जमत नाही. तिला लागते सुरू होऊन संपणारी आणि परत करता येणारी क्रिया: ‘नॉक’, ‘आस्क’, ‘ट्राय’. ‘ऑन अँड ऑन’ला उलट न थांबणारी लागते. ‘ही टॉक्ड ऑन अँड ऑन’ म्हणजे गडी बोलतच सुटला. ‘ऑफ अँड ऑन’ला मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी. सकाळपासून थांबून थांबून पाऊस पडतोय, तर ‘इट हॅज बीन रेनिंग ऑफ अँड ऑन सिन्स मॉर्निंग’. येरझारा घालायच्या असतील तर ‘पेस’ किंवा ‘वॉक’ घ्या आणि पुढे ‘टू अँड फ्रो’. ‘फार अँड वाइड’ म्हणजे दूरदूरपर्यंत, ते शोधणं, फिरणं, बातमी पसरणं यांच्याबरोबर येतं. चित्रात मात्र चक्क ‘ही स्लेप्ट फार अँड वाइड’ असं उदाहरण छापलंय. हातपाय ताणून झोपला असं म्हणायचं असावं, देव जाणे.

नुसतं योग्य क्रियापद गाठूनही भागत नाही. ‘शी लुक्ड अप अँड डाऊन द स्ट्रीट’ म्हणजे तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. ‘शी लुक्ड मी अप अँड डाऊन’ म्हणजे तिने मला नखशिखांत न्याहाळलं, तेही बहुधा नाक मुरडून. क्रियापद तेच, जोडी तीच. फक्त ‘मी’ मध्ये शिरला आणि रस्त्याच्या जागी माणूस आला.

आता ‘बाय अँड बाय’. चित्रात त्याचा अर्थ दिलाय ‘हळूहळू’. एकच शब्द दोनदा आला म्हणजे मराठीसारखं हळूहळूच असणार, असा हिशेब. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये मार्कच्या सहाव्या अध्यायातली पंचविसावी ओवी काढा. हेरोदियेची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर तबकात घालून मागते आणि म्हणते, ते मला ‘बाय अँड बाय’ द्या. म्हणजे आत्ताच्या आत्ता. चित्रवाल्यांचा अर्थ लावला तर ते शीर हप्त्याहप्त्याने येईल! ‘आलोच’ म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने उगवतो, तसा हा ‘लगेच’ पुढे ढकलत ढकलत ‘थोड्या वेळाने’ झाला. 1881 च्या सुधारित भाषांतरात त्या ओवीत ‘फोर्थविथ’ (ताबडतोब) घालावं लागलं. आज ‘बाय अँड बाय’ म्हणजे थोड्या वेळाने, यथावकाश, आणि तेही जरा जुन्या वळणाचं. हळूहळू मात्र नाहीच.

जोर द्यायला कुठलंही क्रियाविशेषण दोनदा म्हणायचा नियम याच सवयीतून आलाय. ‘हळूहळू’वरून ‘स्लोली अँड स्लोली’. इंग्रजीत अशी द्विरुक्ती मोजक्याच शब्दांची रुळली आहे: ‘ओव्हर अँड ओव्हर’, ‘राउंड अँड राउंड’, ‘थ्रू अँड थ्रू’. तुलनेचं रूप घेतलं तर चालतं, ‘फास्टर अँड फास्टर’, पण त्याचा अर्थ वेग वाढतच गेला असा होतो. साध्या हळूहळूला ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘लिटल बाय लिटल’ पुरे.

अदलाबदल? ‘ऑन अँड ऑफ’ आणि ‘ऑफ अँड ऑन’ दोन्ही चालतात, एवढं कबूल. पण ‘नाऊ अँड देन’ म्हणजे अधूनमधून आणि ‘देन अँड नाऊ’ म्हणजे तेव्हा आणि आता. ‘फ्रो अँड टू’ तर कुणी म्हणतच नाही.

वाक्याच्या शेवटी ठेवा, हे निम्मं खरं आहे. बऱ्याच जोड्या तिथे सुखाने बसतात आणि नवशिक्याला ते सोपंही पडतं. पण ‘नाऊ अँड देन’ वाक्याच्या आरंभीही येतं, ‘मोअर ऑर लेस’ सर्रास क्रियापदाच्या आधी येतं (‘आय हॅव मोअर ऑर लेस फिनिश्ड’), आणि ‘फर्स्ट अँड फोरमोस्ट’ने तर पुष्कळदा वाक्य सुरूच होतं.

‘पाच जोड्या घाला, मुलाखतीत छाप पडेल’ असंही खाली लिहिलंय. पाचही चुकीच्या क्रियापदांना लावल्या तर पडेलच.

भाचीला सांगितलं, यादी ठेव, नियम खोड. आणि वहीत नुसती जोडी लिहू नकोस, तिचं क्रियापद आधी लिही: ‘सर्च फार अँड वाइड’, ‘स्विंग टू अँड फ्रो’, ‘सेटल इट वन्स अँड फॉर ऑल’.