आधी न्यूट्रल बघा, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, शेजारशेजारच्या तीन गाळ्यांना तीन वेगळे फेज (थ्री-फेज लाइनच्या तीन करंटवाल्या तारा) द्या असं आधीच्या पोस्टमध्ये लिहून मी लोकांना ४१५ व्होल्टच्या तोंडी देतोय, त्यापेक्षा तिन्ही एकाच फेजवर टाका, ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावा अन् मोकळे व्हा.

अर्धं मान्य आहे जी. दोन फेजमध्ये ४१५ असतात हे मी लिहिलं, पण म्हणूनच एका गाळ्याची वायर दुसऱ्याच्या बोर्डात येऊ देऊ नका हे लिहायचं राहूनच गेलं, आणि आपल्याकडे तर पार्टिशनच्या भिंतीतून शेजाऱ्याच्या लाइनवरची एखादी ट्यूब आपल्या बोर्डावर सर्रास असते, आपला मेन पाडून हात घातला तरी तिथे करंट चालूच. ही चूक माझी, ती ओळ आजच टाकतो.

पण तिन्ही एका फेजवर? नाही पटत. तिन्ही फेजवर लोड सारखा असला की न्यूट्रलमधले, म्हणजे परतीच्या तारेतले, करंट बऱ्यापैकी एकमेकांना कापतात, एकाच फेजवर टाकला तर सगळ्यांचा करंट त्या एका न्यूट्रलमधून परत. मे महिन्यात ४५ डिग्रीत तीन कूलर, दोन फ्रीज, वरून कोणाचा तरी एसी, विचार करा. फेज चेंजरचंही (गाळा एका फेजवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) तेच, दोन फेज गेले की तिघेही बटण फिरवून उरलेल्या एकावर येऊन बसतात, अन् वायर बारकी असली की गेली.

मला ४१५ पेक्षा ढिल्या न्यूट्रलची भीती जास्त. आमच्या नागपूरच्या इतवारीतल्याच गाळ्यांचं सांगतो. एकीकडे तर्री-पोहेवाला, बाजूला मोबाइल रिपेअरवाला, तिसरं शटर बंद. तिघांचा न्यूट्रल ज्या जॉइंटवर यायचा तिथे ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर अन् तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारलेली. टेप वितळून काळी चिकट गोळी झाली होती, आत तार सुटलेली. आता हिशोब बघा: पोहेवाल्याचा २००० वॅटचा हीटर, मोबाइलवाल्याचे मिळून १०० वॅट, दोघे वेगवेगळ्या फेजवर, न्यूट्रल तुटला की दोघे ४१५ वर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, आणि ज्याचा लोड कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त. म्हणजे मोबाइलवाल्याकडे जवळपास ३९५! बिचाऱ्याचे चार्जर अन् टीव्ही गेले, हीटर मात्र थंड. अन् तो म्हणे लाइनमध्येच फॉल्ट होता.

ईएलसीबी पडला का? नाही. तो गळती बघतो, फेजमधून गेला तेवढा करंट न्यूट्रलमधून परत आला की तो खूश, व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तोच जीव वाचवतो, म्हणून ३० मिलीॲम्पिअरचा प्रत्येक गाळ्याला वेगळा हवाच, पण त्याच्यापुढचा न्यूट्रल शेजाऱ्याच्या न्यूट्रलला जोडला की तो उगाच पडत राहतो, मग वायरमन येऊन त्यालाच बायपास करून जातो. हे मी तीन ठिकाणी पाहिलंय बाप्पा.

न्यूट्रल तुटण्यावर इलाज म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, तोही प्रत्येक गाळ्यात. न्यूट्रलची वायर फेजएवढीच जाड, त्यात फ्यूज कधीच नाही, ॲल्युमिनियम-तांबं जोडताना बायमेटल लग (दोन्ही धातूंसाठी बनवलेलं जोडटोक). आणि उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा, ते वेगळंच. आमचा जॉइंट नवीन लगवर घेतला, आता दर एप्रिलला लायसन्सवाला वायरमन सप्लाय बंद करून स्क्रू कसून जातो. तुमच्या लाइनीतला शेवटचा कधी कसला होता?