ज्याच्या हाती सूत

2025 चा ऑगस्ट संपत आला होता. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं, त्याच आठवड्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राच्या टॉवेलच्या कारखान्यात गेलो होतो. एरवी तिथे ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी निम्मे माग बंद. चहाच्या ग्लासांची किणकिणसुद्धा ऐकू येत होती. दाराशी गाठी रचून ठेवलेल्या. त्याने एक गाठ उचकटून टॉवेल काढला, अंगठ्याने दाबून दाखवला. "माल तोच. वजन तेच. आता अमेरिकेतले खरेदीदार म्हणतात, शुल्कातलं निम्मं तुम्ही सोसा."

मग म्हणाला, "आपण जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत आहोत ना रे?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होता.

त्या 50 टक्क्यांतले 25 आपण रशियाचं तेल घेत होतो म्हणून. चीन आपल्यापेक्षा जास्त घेत होता, त्याला तो दंड नव्हता! त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनवरचं शुल्क 145 टक्क्यांपर्यंत नेलं होतं. चीनने रेअर अर्थ खनिजांचा नळ आवळला, ज्यांच्याशिवाय मोटारींतली ताकदीची चुंबकं बनत नाहीत, आणि मे महिन्यात आकडा 30 वर आला. आपल्याही बाबतीत औषधं आणि मोबाइल वगळलेच होते. तिथे त्यांचं अडतं. टॉवेलवाचून कुणाचं अडत नाही, पाकिस्तान-बांगलादेशचा मिळतो.

मित्राला फार समजावावं लागलं नाही. "म्हणजे आमचा सूतवाला," तो म्हणाला. "त्याने सूत रोखलं की माग थांबतात."

आपल्याकडे देशाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलताना माणसं हळवी होतात. कुठल्या नेत्याने कुणाला मिठी मारली, विमानतळावर घ्यायला कोण आलं. 2023 मध्ये जी-20 साठी पुण्यात भिंती रंगवल्या, त्यात वाईट काही नव्हतं, पाहुणे यायचे म्हटलं की आपणही घर झाडतोच. पण त्याला पत म्हणू नका. याच्याशी वाकडं घेतलं तर आपलं काय अडेल, असा समोरच्याला हिशेब करावा लागतो, तेव्हा पत असते. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर ज्या अमेरिकेने निर्बंध घातले, तिनेच 2008 मध्ये आपल्यासाठी अणुइंधनाचं दार उघडून घेतलं. मधल्या दहा वर्षांत आपली बाजारपेठ वाढली होती आणि चीनही डोईजड होत होता.

उलटंही पाहिलंय या जिल्ह्याने. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या आमच्या घरांनी 72 च्या दुष्काळात रेशनवरची, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. आजी त्या भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची.

आता कुणी तरी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढणार, काढावंच. 1938 मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक आपल्या सोलापूरचे. 1942 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, तिकडेच वारले. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे. चिनी नेते भारतात आले की त्यांच्या बहिणींना आवर्जून भेटायचे. एवढा मान कुठल्याही तोफेने मिळवून दिला नसता. तरीही 1962 व्हायचं ते झालंच. मला यातलं एकही खोटं वाटत नाही, दोन्ही एकाच देशाने केलं.

हे सगळं मी मित्राला मोठ्या आवेशात सांगत होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने हातानेच मला गप्प केलं, उठून उभा राहिला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "हां शेठ, बोला... नाही नाही, मागचं बिल सोमवारी नक्की."