एवढे आलोच आहोत तर

अटलांटिक महासागराच्या दक्षिण भागात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,900 किलोमीटर दूर असलेल्या सेंट हेलेना बेटावर आमच्यासारखे शिडाच्या नौकेने येऊन उतरायचे असेल, तर माणसाला आधी दोराला लोंबकळता आले पाहिजे. जेम्सटाउन या राजधानीसमोर आडोशाचे नैसर्गिक बंदर नाही. त्यामुळे शिडाच्या नौका पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या बोयांना बांधून ठेवाव्या लागतात आणि किनाऱ्यावर जायला फेरीबोट घ्यावी लागते. धक्क्याच्या पायऱ्यांपाशी लाट त्या बोटीला एका क्षणी पायरीच्या वर उचलते आणि पुढच्याच क्षणी खाली आपटते. म्हणून तिथे डोक्यावर जाड दोर टांगून ठेवलेले आहेत. बोट वर आली की दोर धरायचा, पाय टाकायचा आणि मागे वळून बघायचे नाही. नावाड्याने खूण करताच माझा नवरा सराईतपणे पायरीवर गेला. मी ओला दोर धरून, एक पाय ब्रिटिश मुलखात आणि एक पाय अधांतरी अशा अवस्थेत असताना त्याने वरून विचारले, "पाण्याची बाटली घेतलीस ना? आपल्याला शिडी चढायची आहे."

कुठली शिडी, हे विचारण्याइतका श्वास माझ्याजवळ शिल्लक नव्हता.

सेंट हेलेना हे मुळातच घरी निघालेल्यांचे बेट आहे. 1502 साली ते पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव दा नोव्हाला सापडले, तेव्हा तोही भारतातून परत चालला होता. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची भारताकडून आणि चीनकडून परतणारी जहाजे आग्नेय व्यापारी वाऱ्यांवर अलगद इथे येत, पिण्याचे पाणी भरून घेत, भाजीपाला घेत आणि इंग्लंडकडे निघत. जाताना मात्र हेच वारे तोंडावर येत असल्यामुळे ती पश्चिमेकडून लांबचा वळसा घालून जात. असईच्या लढाईमुळे आपल्या परिचयाचा असलेला आर्थर वेलस्ली 1805 साली भारतातून मायदेशी जाताना इथे राहिला, 1836 साली 'बीगल' जहाजावरून परतणारा डार्विन इथे डोंगर तुडवून गेला आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला खलाशी जोशुआ स्लोकम 1898 साली इथे थांबला, तेव्हा त्याला एका भल्या गृहस्थाने बकरी भेट दिली. त्या बकरीने पुढच्या प्रवासात त्याचा वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. या सगळ्या थोरामोठ्यांच्या हकिकतींमध्ये मला सर्वांत जवळची वाटली ती बकरी. प्रेक्षणीय स्थळांचे नकाशे वेळीच खाऊन टाकणारा एक प्राणी प्रत्येक नौकेवर असावा, असे माझे मत आहे.

आमच्यासारख्या जोडप्याला बेट का जड जाते, हे कळण्यासाठी समुद्रावरचा संसार कसा चालतो ते सांगितले पाहिजे. केप टाउनपासून सेंट हेलेना सुमारे 1,700 सागरी मैल आहे आणि छोट्या नौकेला एवढे अंतर कापायला दोन-अडीच आठवडे सहज लागतात. या काळात रात्रंदिवस कोणीतरी एकाने पहाऱ्यावर असावेच लागते, कारण मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत फार वेळ जात नाही. नौकेवर माणसे दोनच असल्यामुळे तो जागा असतो तेव्हा मी झोपलेली असते आणि मी जागी असते तेव्हा तो घोरत असतो. भेट होते ती पाळी बदलताना, तीही पाच मिनिटांची, आणि संभाषण वाऱ्याची दिशा, बॅटरीची पातळी आणि चहा आहे की संपला यापलीकडे जात नाही. भांडायला दोघेही एकाच वेळी जागे लागतात! पहाऱ्याच्या या पद्धतीइतका वैवाहिक सौख्याला पोषक शोध दुसरा कोणताही नसेल. बेटावर पोहोचले की ती पद्धत मोडते आणि दोन माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांच्या सोबतीला सापडतात.

मुक्कामाविषयीच्या आमच्या अपेक्षा वेगवेगळ्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. मला हलत नसलेल्या खुर्चीत बसून हलत नसलेल्या टेबलावर कोपर टेकवायचे होते. मिठाने ताठ झालेले कपडे धुवायचे होते, डिझेलचे कॅन भरून आणायचे होते, पुरवठ्याचे जहाज नुकतेच येऊन गेले असेल तर ताजी भाजी मिळवायची होती, आणि हे सगळे करून लागोपाठ आठ तास झोपायचे होते. नवऱ्याकडे मात्र यादी होती. कस्टम, इमिग्रेशन आणि आरोग्य विम्याचे कागद यांतून सुटका होताच त्याने ती खिशातून काढली आणि म्हणाला, "एवढे आलोच आहोत तर बघून घेऊ. परत कधी येणार आपण?" या प्रश्नाला उत्तर नसते. आपण परत येणार नाही, हे उघडच असते. पण म्हणून सगळेच्या सगळे बघितले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, हे मला आजवर कळलेले नाही.

त्याची शिडी म्हणजे जेकब्ज लॅडर. जेम्सटाउन एका अरुंद दरीत वसलेले आहे आणि दरीच्या कड्यावरून ही 699 पायऱ्यांची सरळ रेघ शहरात उतरते. 1829 साली इथे उतारावरची रेल्वे बांधली गेली; शहरातले शेणखत वरच्या शेतांकडे ओढून न्यायचे आणि वरचा माल खाली आणायचा, अशी ती योजना होती. ओढण्याचे काम अर्थातच जनावरांकडे होते. रूळ गेले, पायऱ्या राहिल्या. प्रत्येक पायरी जवळजवळ फूटभर उंच आहे आणि मध्ये वळण नाही की सावलीचा टप्पा नाही. त्यात आमची पावले अजून समुद्रावर होती. बरेच दिवस हेलकावे खाल्ले की मेंदू त्यांची सवय करून घेतो आणि जमिनीवर आल्यानंतरही हिशेबात तेवढे हेलकावे धरून चालतो. परिणामी घट्ट दगडी पायरी पायाखाली डावीकडे कलते आणि ती मुळीच कललेली नाही हे डोळे सांगत असूनही पोट त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. मी लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढत होते. शेजारून एक शाळकरी मुलगा दप्तर पाठीवर घेऊन, दोन-दोन पायऱ्या टाकत, मला "गुड आफ्टरनून" म्हणून वर निघून गेला. पूर्वी इथली मुले एका कठड्यावर खांदे आणि दुसऱ्यावर घोटे टेकवून घसरत खाली येत, अशी माहिती नवऱ्याने मला अर्ध्या वाटेवर दिली. ही माहिती तिथे देण्याचे प्रयोजन काय होते, हे मी विचारले नाही. पायथ्याच्या संग्रहालयात शिडी चढल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते त्याने दोघांचे घेतले.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने नेपोलियन. वॉटर्लूनंतर ऑक्टोबर 1815 मध्ये त्याला इथे आणले गेले आणि 5 मे 1821 रोजी तो इथेच मरण पावला. आधी त्याला ज्या ब्रायर्स नावाच्या ठिकाणी ठेवले होते, तिथेच दहा वर्षांपूर्वी वेलस्ली, म्हणजे त्याला वॉटर्लूला हरवणारा वेलिंग्टन, उतरला होता. यजमानांनी ही गोष्ट त्याला कोणत्या शब्दांत सांगितली असेल, याची मला उत्सुकता आहे. नंतरच्या लाँगवुड हाउसमध्ये खिडकीच्या झडपांना दोन भोके आहेत. त्यांतून तो दुर्बिणीने बाहेरच्या पहारेकऱ्यांवर नजर ठेवी. भोकांची उंची बघून मी नकळत वाकले आणि डोळा लावला, तेव्हा पलीकडे बागेत उभा राहून माहितीफलकाचा फोटो काढणारा माझा नवरा दिसला. त्या क्षणी बादशहाविषयी मला जी आपुलकी वाटली, ती कोणत्याही फलकाने वाटली नसती.

तिथून आम्ही त्याची कबर बघायला एका दरीत उतरलो. ती कबर रिकामी आहे, कारण 1840 साली त्याचे अवशेष पॅरिसला नेण्यात आले. वरच्या दगडावर नावही नाही: फ्रेंचांना नुसते 'नेपोलियन' हवे होते, इंग्रजांना 'नेपोलियन बोनापार्ट', आणि एकमत न झाल्यामुळे दगड कोराच राहिला. रिकामी आणि निनावी जागा बघण्यासाठी उतरलेली वाट पुन्हा चढायची होती. परतताना डायनाज पीक हे सुमारे 820 मीटर उंचीचे शिखर आजच करायचे की उद्या, यावर आमचेही एकमत झाले नाही आणि टॅक्सीत तसाच कोरेपणा पसरला. या बेटावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करण्याची रीत आहे. त्यामुळे आमचा चालक सतत कोणाला ना कोणाला हात करत होता, आणि काही वेळाने नवराही खिडकीतून सगळ्यांना हात करू लागला. एकाच माणसाकडे बघायचे तेवढे त्याने टाळले.

शेवटी गव्हर्नरांच्या प्लांटेशन हाउसमध्ये जोनाथन भेटला. हे महाकाय कासव 1882 साली सेशेल्सहून आणले गेले, तेव्हाच ते पूर्ण वाढलेले होते. त्यावरून त्याचा जन्म 1832 च्या सुमाराचा धरतात. मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वासही येत नाही, त्यामुळे त्याला हाताने भरवावे लागते. ठरवून दिलेल्या जागेतून मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले. एवढी वर्षे बेटावर काढूनही त्याने 699 पैकी एकही पायरी चढलेली नाही, आणि ते त्याच्या प्रकृतीला उत्तम मानवले आहे. हे मी नवऱ्याला सांगितले. त्याने घड्याळ बघितले आणि शिखरावर जायला अजून उजेड आहे, असे कळवले.

शिखर झाले. ढगांमुळे वरून काहीही दिसले नाही. याच बेटावर 1677 साली आकाशाचे वेध घेणाऱ्या हॅलीलाही ढगांनीच छळले होते, एवढा ऐतिहासिक दिलासा मला तिथे मिळाला.

निघण्याच्या दिवशी बंदराचे देणे चुकवून झाल्यावर पाकिटात सेंट हेलेनाचे काही पौंड उरले. या पौंडाची किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच असते, पण बाहेरच्या जगात तो कोणी घेत नाही. मी त्यांचे साबण आणि बिस्किटे घेऊ या म्हणत दुकानाकडे वळले, तर नवरा नोटा मोजून घडी घालत म्हणाला, "राहू दे. हे असेन्शन बेटावर चालतात. ते वाटेतच आहे, फक्त सातशे सागरी मैलांवर. प्रवेशाची परवानगी आधी काढावी लागते, ती मी केप टाउनलाच काढून ठेवली आहे." आणि मग, फेरीबोट लाटेवर वर येत असताना, मी दोराला धरून उभी असताना, "तिथे ग्रीन माउंटन आहे. काही नाही, 859 मीटर!"